वेल्समधलं मराठी लग्न, मंगलाष्टकं आणि हार्प: वादक ठरवण्यापासून वाजवा रे वाजवापर्यंतचं पूर्ण प्रकरण

माझ्या भाचीचं लग्न मागच्या मे महिन्यात साउथ वेल्समध्ये झालं. मुलगा वेल्श, मुलगी ठाण्याची, आणि लग्नाला सनई नव्हती, हार्प होता, म्हणजे दोन्ही हातांच्या बोटांनी छेडायचं ते उभं तारांचं वाद्य. सकाळच्या सिव्हिल सेरेमनीला तर होताच पण मंगलाष्टकांनासुद्धा होता. तेव्हापासून इकडच्या बऱ्याच मराठी घरांतून फोन येतात की हार्पवाली कोण, किती घेतले, आपल्या गाण्यांना जमतं का, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितेय. कॅटरिंग, मेंदी, साड्या ह्यातलं काही नाही, फक्त संगीताची बाजू, कारण ती माझ्याकडे होती. मी कार्डिफला राहते आणि लहानपणापासून पेटी वाजवते.

माझं मत आधीच सांगून टाकते. हार्पिस्टला पहिल्या मेलमध्ये "किती घेणार" विचारण्याआधी आपला विधी सांगा. कोण गाणार, कुठल्या पट्टीत गाणार, कुठे थांबणार, अक्षता कुठून उडणार हे सगळं. आमच्याकडे जे जमलं ते त्यामुळे जमलं.

तर परिस्थिती अशी होती. ताईला सनई हवीच होती, तिचं म्हणणं की सनईशिवाय लग्न म्हणजे ऑफिसचं गेट-टुगेदर, पण इथे चांगला सनईवाला लग्नाच्या सीझनला मिळवणं फार अवघड आणि रेकॉर्डेड सनई भाचीला नको होती. दुसऱ्या बाजूला मुलाची आजी, तिला घरात सगळे मामगी म्हणतात, ऐंशीच्या पुढची, तिच्या घराण्यात प्रत्येक लग्नाला हार्प वाजलेला आहे. वेल्समध्ये हार्प म्हणजे हॉटेलच्या लॉबीतलं वाद्य नाही हो, तिकडे ते घरचं वाद्य आहे, शाळांमधून शिकवतात, आइस्टेडफॉडला, म्हणजे वेल्श कलामहोत्सवाला, मुलं स्पर्धेत वाजवतात, आणि चार्ल्स युवराज होते तेव्हा २००० साली त्यांनी शाही हार्पवादकाचं जुनं पद पुन्हा सुरू केलं तेही वेल्श वादकांसाठीच. त्यामुळे मामगीची इच्छा मोडायचा प्रश्नच नव्हता. भाची म्हणाली, "मावशी, मग हार्पच दोन्हीकडे वाजवू ना, तू बघ ना आपल्या मंगलाष्टकांना जमतंय का." ताई फोनवर गप्प बसली आणि मग म्हणाली, "तू ऐकून सांग, तुला बरं वाटलं तर माझं काही म्हणणं नाही."

तीन ठिकाणांहून भाव आले. म्युझिक कॉलेजचा एक विद्यार्थी २०० पौंडांत तयार होता, एका एजन्सीने ६२५ सांगितले, आणि एक स्वतंत्र व्यावसायिक वादक बाई, वीसेक वर्षं लग्नांत वाजवणाऱ्या, त्यांनी येण्याजाण्यासकट ५५० सांगितले. एजन्सीच्या कोटेशनमध्ये नुसतं हार्प असं लिहिलं होतं. मी विचारलं कुठला हार्प, तर दोन दिवसांनी उत्तर आलं की चौतीस तारांचा लिव्हर हार्प, आणि "पाहुण्यांना फरक कळत नाही". पाहुण्यांना नसेल कळत, आम्हाला कळणार होता, आणि तो का ते नीट सांगते कारण निम्मं प्रकरण इथेच आहे.

लिव्हर हार्प लहान, हलका, एक माणूस उचलून नेतो, आणि आवाज फार गोड असतो, लोकसंगीताला तर तोच शोभतो. त्यात प्रत्येक तारेच्या वर एक छोटी कळ असते, ती हाताने वर केली की ती एक तार अर्ध्या स्वराने चढते. म्हणजे राग बदलायचा तर सगळ्या सप्तकांतल्या त्या त्या तारांच्या कळा एकेक करून हलवायच्या, आणि काही पट्ट्या तर त्यावर मिळतच नाहीत कारण तार एकाच दिशेने अर्धा स्वर हलते. पेडल हार्प म्हणजे ऑर्केस्ट्रातला मोठा, ४७ तारा, साडेसहा सप्तकं, उंची सहा फुटांच्या आसपास आणि वजन चाळीस किलोच्या घरात. ह्याला खाली सात पेडल असतात, सात स्वरांची सात, डाव्या पायाकडे तीन आणि उजव्या पायाकडे चार, आणि प्रत्येक पेडलला तीन खाचा असतात, वरची कोमल, मधली शुद्ध, खालची तीव्र. एक पेडल दाबलं की त्या नावाच्या सगळ्या सप्तकांतल्या तारा एकदम बदलतात. ही तीन खाचांची रचना सेबास्टियन एरार ह्यांनी १८१० मध्ये लंडनला पेटंट केली आणि आजही मूळ कल्पना तीच आहे. आपल्याकडे स्वरमंडळ एका रागात लावलं की मैफलीत त्या रागापुरतंच राहतं, इथे वादक पायाने काही सेकंदांत दुसऱ्या पट्टीत जातो.

आता आपली मंगलाष्टकं आठवा. एकजण गातो का? गुरुजी एक म्हणतात, काकू एक म्हणतात, काका एक म्हणतात, आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी, चाल वेगळी. आमच्याकडे भाचीच्या काकूंनी दोघांची नावं गुंफून स्वतः मंगलाष्टक रचलं होतं आणि यमन रागात बसवलं होतं, त्यांची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. काका पारंपरिक चालीत, सगळे शुद्ध स्वर, पट्टी पांढरी दोन. पेडलच्या भाषेत सांगायचं तर काकूंच्या यमनला तीन पेडल कोमलवर लागतात, आणि तिथून काकांच्या पांढरी दोनला यायचं तर पाच पेडल हलवायची, दोन डाव्या पायाने आणि तीन उजव्या पायाने. दोन मंगलाष्टकांच्या मध्ये "शुभमंगल सावधान" म्हणून लोक अक्षता टाकतात तेवढाच वेळ. लिव्हर हार्पवर हे करायला बसलं तर वादक कळाच हलवत बसेल. विद्यार्थ्याकडे पेडल हार्प होता, मुलगा हुशारही होता, पण आमची अडचण ऐकून त्यानेच प्रामाणिकपणे सांगितलं की पुढचा गायक कुठल्या स्वरात सुरू करेल ह्याची खात्री नसताना वाजवायची सवय नाही मला. मला त्याचं फार कौतुक वाटलं. मग ५५० पौंडवाल्या बाई ठरल्या.

त्यांना मी काकूंचं आणि काकांचं रेकॉर्डिंग पाठवलं, फोनवर केलेलं साधंच, सोबत तंबोऱ्याचं ॲप लावून, म्हणजे सा कुठे आहे ते स्पष्ट ऐकू यावं. हे मात्र सगळ्यांनी करावं, नुसतं गाणं पाठवलं तर बाहेरच्या माणसाला सा सापडायला वेळ लागतो. बाईंनी ऐकून मला घरी बोलावलं आणि पहिली गोष्ट काय सांगितली तर त्या गाण्याबरोबर चाल वाजवणार नाहीत. मी जरा हिरमुसले, पण त्यांनी वाजवून दाखवलं आणि पटलं. काकू गंधारावरून पंचमाकडे मींड घेतात, म्हणजे न तुटता सरकत जातात, तीव्र मध्यमाला नुसता स्पर्श करतात, आणि हार्पची तार एकदा छेडली की तिचा स्वर तोच राहतो, दोन स्वरांच्या मधली वाट त्याला नाही. दोन्ही एकदम वाजले की गाणारी घसरल्यासारखी वाटते आणि वाजवणारी ठोकळ्यासारखी. त्यामुळे गाताना फक्त सा आणि पंचम, खालच्या सप्तकात, तंबोऱ्यासारखे सावकाश, आणि चाल फक्त मधल्या जागांमध्ये. हा निर्णय पूर्णपणे त्यांचा, आणि लग्नातला सगळ्यात चांगला निर्णय हाच होता असं मी आजही म्हणेन.

मग त्यांनी विचारलं गाणारे श्वास कुठे घेतात. मी सांगितलं की वृत्त शार्दूलविक्रीडित आहे, ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर छोटा थांबा आणि एकोणिसाव्यावर मोठा. त्यांनी लगेच वहीत एकोणीस टिंबं काढली आणि बाराव्यानंतर रेघ मारली, आणि मी म्हणत असताना त्या रेघेवर बोट ठेवून बसल्या, दुसऱ्या ओळीला त्यांना माझ्याकडे बघावंसुद्धा लागलं नाही. शब्द एक कळत नसताना. छंदाचं हे बळ मला पेटीवर इतकी वर्षं साथ करूनही असं कधी दिसलं नव्हतं.

शेवटची खूण काय धरायची हाही प्रश्न होता, कारण किती मंगलाष्टकं होतील हे आपल्याकडे आयत्या वेळेपर्यंत नक्की नसतं, कोणीतरी आत्या उठतेच. गुरुजी शेवटी "तदेव लग्नं सुदिनं तदेव" म्हणतात, ती ओळ बदलत नाही, म्हणून तीच खूण ठरली. ती त्यांना चारपाच वेळा म्हणून दाखवली, त्यांनी वेल्श उच्चारात लिहून घेतली. त्यानंतर अंतरपाट खाली, आणि तिथे हार्पने काय करायचं? सनई-चौघडा असता तर एकदम कल्लोळ झाला असता. हार्पकडे कल्लोळासाठी एकच गोष्ट आहे, वरपासून खालपर्यंत सगळ्या तारांवरून हात फिरवणं, पण सातही स्वर एकदम वाजले तर नुसता गलका होतो. बाई म्हणाल्या तुमच्याकडे पाच स्वरांचा एखादा मंगल राग असेलच ना. भूप! त्यांनी पेडल अशी लावली की मध्यमाची तार गंधाराचा स्वर देते आणि निषादाची तार धैवताचा, म्हणजे तारा सात पण स्वर पाचच, चुकीचा स्वर वाद्यात उरलाच नाही, कसाही हात फिरवा भूपच येणार. मला तर वाटलं हे कोणीतरी आधी का नाही सांगितलं मला.

मामा मुलीला बोहल्यावर आणतो तेव्हासाठी ताईच्या आवडीचं एक जुनं भावगीत हवं होतं. इथल्या वादकांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, लागतं, सारेगम चालत नाही आणि यूट्यूबची लिंक पाठवून होत नाही. एका गाण्याची हार्पसाठी मांडणी करायचे ५० पौंड वेगळे घेतले, आणि ते योग्यच होते कारण दोन हातांचं सगळं नव्याने लिहावं लागतं, त्यातही हार्पवर करंगळी वापरतच नाहीत, एका हाताची चारच बोटं. मी सारेगमवरून पेटीच्या स्वरांची अक्षरं लिहून दिली त्यामुळे त्यांचं काम थोडं हलकं झालं. हे सगळं लग्नाच्या दोन महिने तरी आधी सुरू करा, त्याच्या आत नाही होत.

आता कायद्याची बाजू, ही बऱ्याच जणांना माहीत नसते. इंग्लंड आणि वेल्समध्ये हॉटेल, कासल वगैरे परवाना असलेल्या जागी जे सिव्हिल लग्न लागतं त्यात धार्मिक मजकूर चालत नाही, त्यात संगीतही आलं, आणि रजिस्ट्रार आधी यादी मागून घेतो. आम्ही यादी पाठवली, त्यात आमचं गणेशस्तवन होतं आणि मामगीने सांगितलेलं वेल्श चर्चगीत होतं, तेच जे रग्बीच्या मॅचला सगळं स्टेडियम म्हणतं. दोन्ही कटले. मामगीला फार वाईट वाटलं, म्हणाली ते तर सगळेच म्हणतात, त्यात धर्म कुठे आला, आणि ताईही नेमकं तेच गणपतीबद्दल म्हणत होती. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. पण नियम नियम आहे, आणि सिव्हिल लग्न संपून रजिस्ट्रार निघून गेल्यावर तुम्ही तिथे काय वाजवता त्याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. त्यामुळे दोन्ही गाणी सिव्हिल आणि हिंदू लग्नाच्या मधल्या वेळेत टाकली. सिव्हिलमध्ये येताना आणि सह्या करताना साधे वेल्श लोकसंगीताचे तुकडे ठेवले. सह्या आता रजिस्टरमध्ये होत नाहीत, मे २०२१ पासून शेड्यूल नावाच्या एका कागदावर होतात, त्याला मिनिटं दोन लागतात, पण मग फोटो होतात, म्हणून पाच मिनिटांचं संगीत धरा.

जागेचं प्रकरण. हॉटेलच्या कोऑर्डिनेटरने सांगितलं होतं की सिव्हिलची खोली आणि जेवणाचा मोठा हॉल एकाच लेव्हलला आहेत, हार्प ट्रॉलीवरून सहज जाईल. हार्पिस्ट बाईंनी माझ्याकडे गाडी उभी राहते तिथपासून हार्प बसणार तिथपर्यंतच्या पूर्ण वाटेचे फोटो मागितले. मी जाऊन काढले, तर दोन्ही खोल्यांच्या मध्ये दगडी पायऱ्या, तीन, अरुंद आणि झिजलेल्या. चाळीस किलोचं आणि एका मोटारीच्या किमतीचं वाद्य, साड्या नेसलेल्या पाहुण्यांच्या गर्दीतून, त्या पायऱ्यांवरून, आणि हलवल्यावर परत सुरात लावायला वीस मिनिटं. कोऑर्डिनेटरचं म्हणणं वेटर लोक उचलतील. बाईंनी स्पष्ट नाही सांगितलं आणि मी त्यांच्या बाजूने उभी राहिले. शेवटी दोन्ही लग्नं एकाच खोलीत करायचं ठरलं, बोहलं आधीच एका बाजूला मांडून ठेवलं, सिव्हिलनंतर फक्त खुर्च्या फिरवल्या, हार्प जागचा हलला नाही. भाचीला आधी बागेत लग्न हवं होतं. पण वेल्समधला मे म्हणजे सकाळी बारा-तेरा डिग्री आणि कधीही भुरभुर, आणि हार्पिस्टच्या करारात लिहिलेलंच असतं की साधारण पंधरा डिग्रीच्या खाली, भर उन्हात किंवा पावसाचा थेंब असताना वाद्य बाहेर येणार नाही. कारण सरळ आहे, मधल्या बऱ्याच तारा आतड्याच्या असतात, हवा ओली झाली की सूर सरकतो, आणि थंडीत बोटं चालत नाहीत.

होमाला हॉटेलने आत परवानगी दिलीच नाही, तो बागेत मांडवाखाली झाला, तोपर्यंत हार्प गाडीत गेला होता, त्यामुळे तुपाचा धूर आणि हार्प ह्यांची गाठ पडली नाही. अक्षतांचं मात्र नीट बोलावं लागलं. मी बाईंना कुंकवाने रंगवलेले तांदूळ डबीत घालून दाखवले, त्यांनी चार दाणे तळहातावर घासले, लाल डाग पडला, आणि त्यांनी हार्पच्या मागची बाजू मला दाखवली. तिथे मोठी भोकं असतात, तारा त्यातूनच बसवतात, आणि पुढची फळी स्प्रूसच्या फिक्या लाकडाची. एक मूठ तांदूळ आत गेले की पुढचे सहा महिने वाजवताना खुळखुळणार. बाई काही म्हणाल्या नाहीत, पण दिसत होतं. मग असं केलं की घरच्या मोठ्यांनी जवळ जाऊन डोक्यावर अक्षता टाकायच्या आणि मागच्या सगळ्या पाहुण्यांना फुलांच्या पाकळ्या द्यायच्या, आणि हार्प बोहल्याच्या तिरप्या मागे, गुरुजींच्या पलीकडे, म्हणजे कोणाचाही हात त्या दिशेने वळणार नाही. वेल्श पाहुण्यांना पाकळ्याच बऱ्या वाटल्या.

करारातल्या दोन-तीन गोष्टी पटकन सांगते. हॉटेलने वादकाचा पब्लिक लायबिलिटी विमा मागितला, बाई म्युझिशियन्स युनियनच्या सदस्य होत्या आणि त्या सदस्यत्वात एक कोटी पौंडांचं संरक्षण येतं, कागद एका मेलमध्ये मिळाला. ॲम्प आणणार असतील तर विजेच्या सुरक्षेच्या चाचणीचं प्रमाणपत्रही मागतात, आणि सव्वाशे माणसांत ॲम्प हवाच, शांत बसलेल्या वेल्श पाहुण्यांपुरता हार्प पुरतो, अंतरपाट खाली आल्यावरच्या टाळ्यांना नाही पुरत. आजारी पडल्या तर बदली वादक पाठवण्याचं कलम होतं, ते सगळ्यांच्याच करारात असतं, पण बदली येणाऱ्याला "तदेव लग्नं" कसं कळणार, म्हणून मी त्यांना विनंती केली की सगळा क्रम, पट्ट्या, पेडल एका कागदावर लिहून ठेवा. त्यांनी दोन पानं लिहिली. आणि वेळ. दुपारी त्यांना दुसरीकडे कार्यक्रम होता, दीडला निघणार म्हणजे निघणार, हे मी गुरुजींना तीनदा सांगितलं होतं.

लग्नाच्या दिवशी सिव्हिल वेळेवर झालं, रजिस्ट्रारला पुढचं लग्न असतं त्यामुळे तिथे उशिराला वावच नसतो. ते गेल्यावर हार्पवर आधी गणेशस्तवन झालं, ताई हात जोडून उभी राहिली, आणि लगेच ते वेल्श गीत सुरू झालं. पहिल्या ओळीला मामगी बसूनच म्हणायला लागली, दुसऱ्या ओळीला मुलाकडची सगळी मंडळी उभी, आणि ते लोक नुसते गात नाहीत, चार वेगवेगळ्या आवाजांत गातात, कोणी वर कोणी खाली, कोणी शिकवलेलं नसतं, चॅपलमध्ये कानावर पडून आलेलं असतं. आमची मंडळी बघत राहिली. भावोजी मला म्हणाले, "हे ठरवलं होतं का?" नव्हतं ठरवलं.

मुहूर्त बारा सतराचा. गौरीहरापाशी थोडं लांबलं, तेवढा वेळ बाईंनी यमनमध्येच काही ना काही वाजवत भरून काढला. दादा, म्हणजे मुलीचा मामा, तिला घेऊन आला तेव्हा भावगीत झालं, गुरुजींचं पहिलं मंगलाष्टक झालं, मग काकूंचं, काळी चार, अगदी पट्टीत, मागे सा-पंचम. ते संपलं, "सावधान" झालं, पाकळ्या उडाल्या, आणि बाईंनी ठरल्याप्रमाणे पाच पेडल बदलून पांढरी दोनचा छोटा तुकडा वाजवला. आणि काकांनी सुरू केलं ते काळी दोनमध्ये. अर्धा स्वर वर. काका घाबरले होते, पुतणीवर फार जीव, आवाज भरून आला होता आणि तो चढाच लागला. मी पेटीवाली असल्यामुळे मला पहिल्या चार अक्षरांतच कळलं आणि माझा श्वास अडकला, कारण आता मागे पांढरी दोनचा सा वाजला असता तर काकांना तिथल्या तिथे थांबावं लागलं असतं.

बाईंनी हात तारांवर ठेवले आणि सगळा आवाज बंद केला. पहिला चरण काका एकटेच गायले. दुसरा चरण सुरू होताना हळूच काळी दोनचा सा आला, मग पंचम. नंतर मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की पहिल्या चरणात त्यांनी फक्त दोन पेडल बदलली, एक डावीकडचं, एक उजवीकडचं, कारण सा आणि पंचम तेवढ्यातच मिळतात, आणि बाकीची तीन पुढच्या ओळीत बाराव्या अक्षराच्या थांब्यावर बदलली, म्हणजे तार वाजत असताना पेडल हललं तर जी घरघर येते ती येऊ नये. काकांना काहीच कळलं नाही. त्यांना वाटलं पहिली ओळ एकट्याने गायचं ठरलंच होतं.

पण भूप पांढरी दोनचा ठरला होता. तो आता चालणार नव्हता, काळी दोनचा सा कानात बसलेला असताना अर्धा स्वर खाली येणं म्हणजे ऐन मंगल क्षणी उतरणं. गुरुजींनी "तदेव लग्नं" सुरू केलं आणि तेवढ्या ओळीत त्यांनी नवा भूप लावला, डाव्या टोकाचं पेडल एक खाच खाली आणि उजव्या टोकाचं वरून थेट तळाला. डावीकडच्याने निषादाची तार षड्जाला नेली, उजवीकडच्याने मध्यमाची तार पंचमाला, राहिले सा रे ग प ध. अंतरपाट खाली आला, कोणीतरी ओरडलं वाजवा रे वाजवा, आणि काळी दोनचा भूप वरून खालपर्यंत आणि परत वर. ताई रडत होती आणि हसत होती. ती नंतर म्हणाली सनईची आठवण आली पण उणीव नाही वाटली.

हे काम नोटेशन वाचून होत नाही, त्याला कान लागतो आणि विधी आधी माहीत असावा लागतो. ५५० आणि ५० मिळून ६०० पौंड झाले, वर आम्ही त्यांना एक साडी दिली, ती त्यांनी हार्पवर टाकायला वापरते म्हणून सांगितलं आणि मला ते आवडलं. दीडच्या आधी पाच मिनिटं त्या निघाल्या, जेवण डब्यात बांधून दिलं. लग्नांत वादकाच्या जेवणाचं कोणी बघत नाही, तेवढं बघा, दोन कार्यक्रमांच्या मध्ये त्यांना गाडीतच खावं लागतं.

एक गोष्ट मात्र हातची गेली. व्हिडिओवाल्याने आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर घेतला, त्यात काकांचा पहिला चरण आहे, टाळ्या आहेत, लहान मुलांचा गोंधळ आहे, आणि भूपाच्या जागी नुसता टाळ्यांचा पाऊस. ॲम्पच्या मागे लाइन आउटचं सॉकेट होतं, त्यात पंचवीसेक पौंडांचा छोटा रेकॉर्डर लावला असता तर हार्प स्वच्छ मिळाला असता, बाईंनी तसं सुचवलंही होतं, व्हिडिओवाल्याने गरज नाही म्हणून सांगितलं. त्यामुळे आता मला जे विचारतात त्यांना मी सांगते की व्हिडिओवाल्याचा नंबर हार्पिस्टला द्या आणि त्या दोघांचं बोलणं लग्नाच्या आठवडाभर आधी करून द्या, आणि रेकॉर्डर घरचाच कोणाच्या तरी हातात ठेवा, शक्यतो गाणारा नसेल त्याच्या.